गोळा पोचेपर्यंतचा वेळ: अंतराळ-युद्धाच्या एका गेममध्ये रेलगन आणि तिचा दारूगोळा कसा ठरला

पार्श्वभूमी

पाच जणांची टीम, कॉम्प्युटरवर खेळायचा अंतराळ-युद्धाचा गेम, आणि त्यात शस्त्रं आणि बॅलन्स माझ्याकडे. टीमचं आणि गेमचं नाव इथे देत नाही, पण आकडे आमच्या डिझाइन-शीटमधलेच आहेत, फक्त थोडे गोल केलेत. जहाजं खऱ्या भौतिकशास्त्राप्रमाणे चालायची, म्हणजे इंजिन बंद केलं तरी वेग तसाच राहणार, वळायचं तर आधीचा वेग मारावा लागणार. लढाई साधारण २० ते ४०० किलोमीटर अंतरावर व्हायची. शस्त्रं तीन ठरली होती, मिसाइल, लेझर आणि रेलगन, आणि खरं सांगायचं तर गेम सुरू करायचं कारणच रेलगन होतं, आम्हा सगळ्यांना तीच करून बघायची होती.

रेलगन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन समांतर रूळ, मधे त्यांना चिकटून सरकणारा धातूचा तुकडा म्हणजे आर्मेचर, एका रुळातून करंट जातो, आर्मेचरमधून दुसऱ्या रुळात येतो आणि परत येतो, या करंटचंच चुंबकीय क्षेत्र आर्मेचरला पुढे ढकलतं आणि आर्मेचर त्याच्यापुढच्या गोळ्याला. दारू नाही, नळीत स्फोट नाही. अमेरिकन नौदलाने जानेवारी २००८ मध्ये १०.६४ मेगाज्यूलचा शॉट मारला होता, वेग २५२० मीटर प्रति सेकंद, मग डिसेंबर २०१० मध्ये ३३ मेगाज्यूल, आणि २०२१ मध्ये तो कार्यक्रम थांबवला. जपानने ऑक्टोबर २०२३ मध्ये जहाजावरून रेलगन डागल्याचं जाहीर केलं. या सगळ्यात घोडं कुठे अडतं तर रुळांवर, लाखो अँपिअर करंट आणि घासत जाणारा धातू यामुळे रूळ फार लवकर झिजतात.

आमची तोफ भविष्यातली, म्हणून २० मीटर लांबीची नळी, ४ किलोचा गोळा, ६ किलोमीटर प्रति सेकंद वेग. गोळ्याची ऊर्जा ७२ मेगाज्यूल होते, म्हणजे साधारण १७ किलो टीएनटीइतकी. नळीतला वेळ ७ मिलिसेकंदांच्या आत, त्वरण पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या ९२ हजार पट. रुळांच्या दर मीटरला अर्धा मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरला तर करंट जवळजवळ ३८ लाख अँपिअर लागतो. यातलं बरंचसं खेळणाऱ्याला कधीच दिसणार नव्हतं, पण मी हिशोब करून ठेवला होता आणि पुढे प्रत्येक वादात तोच कामाला आला.

अडचण

पहिल्या खेळता येण्यासारख्या आवृत्तीत रेलगन म्हणजे एक डॅमेजचा आकडा आणि एक वेग, बस. आठ जणांना खेळायला बसवलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, "लागतच नाही". लांबून मारलं तर समजू शकतो, पण जवळून मारलं तरी कधी लागायचं कधी नाही. त्यातला एक जण तर म्हणाला, "नेम बरोबर होता, मी बघितलं, गोळा आरपार गेला." ते वाक्य मी वहीत लिहूनही ठेवलं होतं आणि तरी त्याचा शब्दशः अर्थ घेतला नाही, मला वाटलं हा वैतागून बोलतोय.

मग जे केलं ते असं. डॅमेज वाढवलं, म्हणजे लागला तर चांगला लागावा. १५० चं २५० केलं, मग ४००. तीन आठवडे आम्ही आकडेच हलवत बसलो. लेझरवाले खेळाडू तक्रार करायला लागले की रेलगनचा एक गोळा लागला की खेळ संपतो, आणि रेलगनवाले म्हणायचे तो एक गोळा लागायला नशीब लागतं. दोघांचंही बरोबर होतं.

शेवटी आमच्या प्रोग्रामरने एका संध्याकाळी एक छोटी गोष्ट केली. रिप्लेमध्ये गोळ्याची जागा फिजिक्सच्या प्रत्येक टिकला, म्हणजे हिशोबाच्या प्रत्येक पायरीला, एका पांढऱ्या ठिपक्याने दाखवली आणि रिप्ले अगदी हळू चालवला. मला बोलावलं, "अगं हे बघ ना." स्क्रीनवर फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, आडवी उभी, डावीकडून ठिपके येतायत, एक ठिपका जहाजाच्या अलीकडे आणि पुढचा थेट पलीकडे. मधे काहीच नाही. आमचं फिजिक्स सेकंदाला ५० वेळा चालायचं, ६ किलोमीटर प्रति सेकंदाने गोळा एका टिकमध्ये १२० मीटर जातो आणि फ्रिगेटची रुंदी १८ मीटर. टक्कर आहे का हे फक्त ठिपक्यांच्या जागी तपासलं जात होतं. म्हणजे अचूक नेमाच्या गोळ्यांपैकी सातातला एखादाच "लागायचा", बाकीचे जहाजाच्या आतून निघून जायचे. तो खेळाडू खरंच आरपार म्हणाला होता.

ही पहिली निर्णयाची जागा होती आणि ती आमच्या हातून निसटली. खेळणारा "लागत नाही" म्हणाला की त्याची दोन कारणं असू शकतात, एक शस्त्राचं डिझाइन आणि दुसरं कोडमधली चूक, आणि दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात. ठिपके काढायचं काम दोन तासांचं होतं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आकड्याला हात लावायच्या आधी.

बग काढला तेव्हा खरी अडचण दिसली

दुरुस्तीसाठी गोळा फिजिक्समधली वस्तू म्हणून ठेवलाच नाही. अंतराळात हवा नाही, गोळ्याला इंजिन नाही, आमच्या नकाशात गुरुत्वही धरलेलं नव्हतं, मग त्याची जागा एका ओळीच्या सूत्राने निघते, सुटला तिथली जागा अधिक वेग गुणिले गेलेला वेळ. प्रत्येक टिकला मागच्या आणि आताच्या जागेमधली रेघ घ्यायची आणि ती जहाजाला छेदते का बघायचं, आणि हे जहाजाच्या नजरेतून बघायचं, कारण जहाजही दोन-दोन किलोमीटर प्रति सेकंदाने सरकत असतं. मल्टिप्लेअरलाही याचा फायदा झाला, गोळा सुटला तेव्हाचे तीन आकडे पाठवले की पुढे काहीच पाठवायला नको.

एक खाच मात्र होती, ती सांगते कारण तिने आमचे दोन दिवस खाल्ले. वेळ आम्ही ३२-बिट दशांशात मोजत होतो, त्यात आकडा मोठा होत गेला की बारकावा कमी होतो. सव्वादोन तासांच्या पुढे सामना गेला की त्या प्रकारात वेळेची सगळ्यात छोटी पायरी साधारण १ मिलिसेकंद होते, आणि १ मिलिसेकंदात गोळा ६ मीटर जातो. लांबलेल्या सामन्यांत गोळे थरथरल्यासारखे दिसायचे ते यामुळे. वेळेऐवजी टिकचा पूर्णांक मोजायला घेतला आणि ते थांबलं.

आता गोळे लागायला लागले आणि ४०० डॅमेज असल्यामुळे जवळच्या अंतरावर दोन गोळ्यांत फ्रिगेट खल्लास. लांबवर मात्र अजूनही शून्य. आणि हे बग नव्हतं, हे भूमिती होती.

हिशोब बघा. फ्रिगेटचं त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. गोळ्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला व्हायचं तर जास्तीत जास्त ५० मीटर सरकायला हवं, त्याला लागतात ५.८ सेकंद. तेवढ्यात गोळा जातो ३५ किलोमीटर. म्हणजे ३५ किलोमीटरच्या आत फ्रिगेट काहीही करो गोळा टळत नाही, आणि त्याच्या बाहेर कॅप्टन जागा असेल तर गोळा लागत नाही. आता तीच तोफ, तोच गोळा, पण समोर मालवाहू जहाज, त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग आणि सरकायचं १०० मीटर. त्याला २० सेकंद लागतात, म्हणजे १२० किलोमीटर.

डिझाइन-शीटमध्ये माझ्याकडे रेलगनपुढे "पल्ला" असा एक रकाना होता आणि त्यात एक आकडा होता. तो रकानाच चुकीचा होता. अंतराळात तोफेला स्वतःचा पल्ला नसतोच, गोळा कधी थांबतच नाही, पल्ला समोरच्या जहाजाचा असतो, ते किती मोठं आहे आणि किती चपळ आहे यावर. हे मला कळलं त्या दिवशी शीटमधून तो रकाना काढून टाकला, आणि पुढचं सगळं डिझाइन गोळा पोचेपर्यंतच्या वेळाभोवती फिरायला लागलं.

काय काय पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे गोळा क्षणात पोचतो असं करायचं, बरेच गेम असंच करतात. पण क्षणात पोचणारं शस्त्र आमच्याकडे आधीच होतं, लेझर. मग रेलगन म्हणजे वेगळ्या आवाजाचं लेझर झालं असतं. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

वेग वाढवायचा हा पर्याय जास्त मोहाचा होता. दहा पट वेग, ६० किलोमीटर प्रति सेकंद, फ्रिगेटसाठी टप्पा ३५ वरून ३५० किलोमीटर. पण ऊर्जा शंभर पट होते, आणि त्वरण तेवढंच ठेवायचं तर नळी २ किलोमीटर लांब लागते. आर्टिस्ट म्हणाला, "अरे कोण मोजणार आहे नळी?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण माझा मुद्दा वेगळा होता. आमच्या गेममध्ये उष्णता मोजली जात होती आणि शंभर पट ऊर्जेची उष्णता कुठे घालवायची याला उत्तर नव्हतं, रेलगनला तिथे सूट दिली की लेझरलाही द्यावी लागली असती. आणि गोळा फार लवकर पोचला की चुकवण्यातली मजाच जाते, ती तर आम्हाला हवी होती.

तिसरा पर्याय वाटेत वळणारा गोळा. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. ९२ हजार पट गुरुत्व सहन करणारी इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे तोफेच्या मार्गदर्शित गोळ्यांना जे सोसावं लागतं त्याच्या कितीतरी पट, पण ते एक बाजूला ठेवू, भविष्य आहे म्हणून सोडून दिलं असतं. खरी गोष्ट ही की वळणारा गोळा म्हणजे छोटं मिसाइल, आणि मिसाइल आमच्याकडे होतं. तरी प्रोग्रामरने एक नमुना बनवला, खेळायला छान वाटत होता, आणि म्हणूनच मी त्याला लगेच नाही म्हणाले नाही. तो नमुना दोन महिने बिल्डमध्ये तसाच राहिला, लोकांना त्याची सवय झाली, आणि शेवटी काढला तेव्हा खेळणाऱ्यांना काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटलं. नाही म्हणायचंच होतं तर पहिल्या आठवड्यात म्हणायला हवं होतं.

चौथा पर्याय म्हणजे तोफ तीच ठेवायची आणि दारूगोळा बदलायचा. एक गोळा चुकवता येतो, छर्‍यांचा ढग चुकवता येत नाही. आणि याला जोडून पाचवा, की चुकवणं फुकट ठेवायचंच नाही. जहाज हललं की इंधन जातं, इंजिन तापतं, त्याचं तोंड आणि तोफा दुसरीकडे फिरतात. म्हणजे गोळा नाही लागला तरी त्याने काहीतरी वसूल केलंच. चौथा आणि पाचवा एकत्र घेतले.

दारूगोळ्याचं डिझाइन

सुरुवातीला यादीत तीन गोळे होते, ठोस, स्फोटक आणि छर्रे.

स्फोटक आधी गेला. कारण साधं आहे, ६ किलोमीटर प्रति सेकंदाने जाणाऱ्या प्रत्येक किलोत १८ मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते आणि एक किलो टीएनटीमध्ये ४.२ च्या आसपास. म्हणजे गोळ्यात स्फोटक भरणं म्हणजे चांगला माल काढून कमी ताकदीचा माल भरणं. पण आर्टिस्टने तोपर्यंत स्फोटाचा इफेक्ट पूर्ण केला होता, फार सुंदर झाला होता, आणि तो इफेक्ट आहे म्हणून गोळा ठेवू या असा सूर निघाला. आम्ही तो इफेक्ट मिसाइलला दिला. हिशोब आधी सांगितला असता तर त्याचे ते दिवस वाचले असते, ही चूक माझी.

ठोस गोळा म्हणजे टंगस्टनची सळई, ३ सेंटीमीटर जाड, २९ सेंटीमीटर लांब, वजन बरोब्बर ४ किलो भरतं. इथे एक गोष्ट मला स्वतःला नवीन होती. एवढ्या वेगाला धातू जवळपास पाण्यासारखा वागतो आणि सळई किती खोल जाईल हे मुख्यतः तिच्या लांबीवर आणि दोन्ही धातूंच्या घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतं, वेगावर फारसं नाही. टंगस्टनची सळई पोलादात तिच्या लांबीच्या साधारण दीडपट जाते, म्हणजे ही ४६ सेंटीमीटर. वेग वाढवला तर भोक रुंद होतं, खोली जवळजवळ तेवढीच. माझ्या जुन्या शीटमध्ये वेग दुप्पट तर भेदन दुप्पट असं होतं, ते फेकून दिलं.

४६ सेंटीमीटर पोलाद कुठलंच जहाज अंगावर बाळगणार नाही, त्यामुळे ठोस गोळा लागला की तो आरपारच जातो. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, बरीचशी ऊर्जा सोबत घेऊन. मग ४०० डॅमेज कशाचं? इथे आम्ही जहाजाची एकच एक हेल्थ-पट्टी काढून टाकली. गोळ्याची रेघ जहाजाच्या आतून काढायची आणि त्या रेघेवर जे येईल ते बिघडणार, इंधनाची टाकी आली तर टाकी, कपॅसिटर आला तर कपॅसिटर, रिकामी कोठी आली तर फक्त दोन भोकं. एका टेस्टमध्ये फ्रिगेटला अकरा गोळे लागून ती लढत होती आणि दुसरीला एकच लागून गप्प झाली, आणि खेळणाऱ्यांना दोन्ही पटलं, कारण रेघ दिसत होती.

आता छर्रे, आणि या भागावर आमची सगळ्यात जास्त मेहनत गेली. ४ किलोतला १ किलो कवच आणि फोडायचा छोटा चार्ज, उरलेल्या ३ किलोत १० ग्रॅमचे ३०० छर्रे. एका छर्‍यात १८० किलोज्यूल, म्हणजे १२.७ मिलिमीटर मशीनगनच्या गोळीच्या साधारण दहापट. प्रश्न हा की ढग केवढा पसरवायचा. उत्तर आधीच्या हिशोबातच होतं, समोरचं जहाज जिथे जिथे पोचू शकतं तेवढा. १०० किलोमीटरवर गोळ्याला १६.७ सेकंद लागतात, तेवढ्यात फ्रिगेट कुठल्याही दिशेला ४१७ मीटर सरकू शकते. टीममध्ये आम्ही त्याला चकवा-वर्तुळ म्हणायला लागलो आणि तेच नाव गेममध्येही राहिलं. त्या वर्तुळात ३०० छर्रे सारखे पसरवले तर दर १८०० चौरस मीटरला एक येतो, आणि आडव्या फ्रिगेटचं क्षेत्रफळ १०० गुणिले १८, म्हणजे तेही १८००. एका गोळ्यामागे सरासरी एक छर्रा. हे जुळवून आणलेलं नव्हतं, आकडे आधीच ठरलेले होते आणि ते तसे पडले, त्या दिवशी मी तो हिशोब तीनदा केला.

२०० किलोमीटरवर मात्र चित्र पालटतं. वेळ दुप्पट, सरकणं चौपट, वर्तुळाचं क्षेत्रफळ सोळा पट. म्हणजे सोळा गोळ्यांमागे एक छर्रा. पल्ल्याची कुठेही भिंत न घालता शस्त्र आपोआप क्षीण होत गेलं, आणि अमुक किलोमीटरनंतर काम करत नाही असा खोटा नियम लिहावा लागला नाही.

ढग कुठे फोडायचा हे आधी खेळणाऱ्याच्या हातात दिलं होतं, एक स्लायडर होता. कोणीच वापरला नाही, किंवा एकदा हलवून सोडून दिला. मग पूर्ण ऑटोमॅटिक केलं, तर अनुभवी खेळाडू म्हणाले आता आमचं काही कौशल्यच उरलं नाही. शेवटी दोनच पर्याय ठेवले, "रुंद" आणि "घट्ट". रुंद म्हणजे पूर्ण चकवा-वर्तुळ, घट्ट म्हणजे समोरचा हलणार नाही अशी पैज. हा तोडगा टिकला.

चिलखताच्या बाजूने फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये सुचवलेली ढाल घेतली, मुख्य भिंतीच्या पुढे थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा. छर्रा पत्र्यावर आपटून फुटतो आणि मागच्या भिंतीवर फक्त त्याचा चुरा पडतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अशाच प्रकारची ढाल आहे. सळईला तिचा काही फरक पडत नाही. म्हणजे छर्रे जहाजाच्या पोटात सहसा जात नाहीत, पण जे उघडं आहे ते मोडतात, अँटेना, सेन्सर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जहाजाची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर.

उष्णता, धक्का आणि झीज

रेडिएटर महत्त्वाचा का, तर तोफेचा मारा तोच ठरवतो. तोफेची कार्यक्षमता आम्ही निम्मी धरली होती, म्हणजे प्रत्येक शॉटमागे ७२ मेगाज्यूल उष्णता जहाजात राहते. १००० केल्व्हिनला तापलेला रेडिएटर दोन्ही बाजू धरून दर चौरस मीटरला साधारण ११३ किलोवॅट बाहेर टाकतो. ४०० चौरस मीटर रेडिएटर म्हणजे ४५ मेगावॅट, म्हणजे दर १.६ सेकंदाला एक शॉट. निम्मे रेडिएटर छर्‍यांनी फाडले की तोच मारा ३.२ सेकंदांवर. "कूलडाउन", म्हणजे दोन शॉटमध्ये किती थांबायचं, असा वेगळा आकडा ठेवायची गरजच पडली नाही. खेळणाऱ्यांनी हे कोणी न सांगता शोधलं, आधी छर्रे मारून समोरच्याची तोफ मंद करायची, मग जवळ जाऊन सळया.

धक्क्याचा हिशोब मी आधी सोडून दिला होता, कारण २००० टनांच्या जहाजाला एका गोळ्याने फक्त १२ मिलिमीटर प्रति सेकंद वेग मिळतो. पण तोफ जहाजाच्या मध्यापासून १० मीटर बाजूला बसवलेली होती, आणि मग तो धक्का जहाज फिरवतो. फिरणं अगदी किंचित, पण १०० किलोमीटरवर तेवढ्यानेच नेम दर सेकंदाला १४ मीटर घसरतो. दुसरा, तिसरा गोळा हमखास बाजूने जायचा आणि का ते कळत नव्हतं. तोफ जहाजाच्या कण्यावर आणली आणि प्रश्न मिटला. आर्टिस्टला जहाज पुन्हा काढावं लागलं, पण नवं जहाज जास्त चांगलं दिसतं असं तो स्वतःच म्हणाला.

रुळांची झीज मात्र आम्ही चुकीच्या जागी आणली. ६० शॉट झाले की अचूकता घसरायची, लढाईच्या मधेच. वास्तवाला धरून होतं, मला ते फार आवडत होतं, आणि परिणाम असा की लोक तोफ डागायचेच नाहीत. शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवायचे, आणि तो क्षण येईपर्यंत हरलेले असायचे. झीज आता दोन मोहिमांच्या मधल्या दुरुस्तीत गेली, तिथे ती खर्च म्हणून येते आणि तिथे बरोबर बसते.

निष्पत्ती

पुढच्या टेस्टला तेच आठ जण होते. या वेळी स्क्रीनवर चकवा-वर्तुळ दिसत होतं, समोरच्या जहाजाभोवती एक फिकट कडं, जवळ गेलं की लहान होत जाणारं. "लागत नाही" ही तक्रार बंद झाली, तिच्या जागी "तो सारखा हलतोय, इंधन संपेल त्याचं" अशी वाक्यं ऐकू आली. रेलगनचा वापर मारण्याइतकाच हाकण्यासाठी व्हायला लागला, एका बाजूला रुंद ढग टाकायचा, समोरचा दुसऱ्या बाजूला सरकतो आणि तिथे मिसाइल वाट बघत असतं.

पूर्ण सुटलेलं नाही असंही आहे. मिसाइल सरळच जायची, चुकवायला हलत नव्हती, त्यामुळे घट्ट छर्रे त्यांच्यावर भयंकर चालायला लागले, १० मीटर त्रिज्येत ३०० छर्रे म्हणजे जवळपास दर चौरस मीटरला एक. एका आठवड्यात मिसाइल घेणारं कोणी उरलं नाही. आम्ही मिसाइलला वेडंवाकडं जायची सोय दिली, त्यात तिचं इंधन जातं आणि टप्पा घटतो, पण हा तोल अजून हवा तसा बसलेला नाही. दारूगोळा बदलताना तो फक्त जहाजांवर तपासला, गेममधल्या हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तपासला नाही, ते राहून गेलं. नवीन खेळाडूंचंही एक आहे, पहिला ठोस गोळा १५० किलोमीटरवरून मारतात, तो चुकतो आणि ते शस्त्रच बदलतात. सुरुवातीच्या सरावात आता समोर मालवाहू जहाज ठेवलंय, तेवढ्या अंतरावर तेही सुटू शकतं, पण कडं लहान झालेलं दिसेपर्यंत थांबलं तर गोळा लागतो.

एक निर्णय उरला होता, चुकलेल्या गोळ्याचं काय करायचं. कोडच्या सोयीसाठी ४०० किलोमीटरनंतर तो पुसून टाकायचा असं ठरत आलं होतं. तेवढ्यात दोघांनी एका बाजूने खेळायच्या एका सामन्यात एकीची कॉर्व्हेट, म्हणजे लहान लढाऊ जहाज, शत्रू जवळपास नसताना, अचानक बंद पडली. "हा कुठून आला?" रिप्ले मागे मागे नेला. ७१ सेकंदांपूर्वी तिच्याच जोडीदाराने दुसऱ्या टोकाला एका फ्रिगेटवर मारलेला गोळा, फ्रिगेटने चुकवलेला, ४२६ किलोमीटर सरळ चालत आलेला. दोघं थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग तो तिला म्हणाला, "सॉरी गं, माझाच होता." आम्ही गोळे नकाशाच्या कडेपर्यंत जिवंत ठेवले, आणि नेम धरताना गोळ्याची रेघ लक्ष्याच्या पलीकडेही तेवढीच लांब दाखवायला सुरुवात केली.